तळ्याकाठी गप्प होणारा कर्णा

मी कर्णा बोलतोय. हो, तोच, रिक्षाच्या टपावर बांधलेला, तोंड पुढे काढून रस्ताभर ओरडत जाणारा. तुम्ही मला पुष्कळ ऐकलंत, पण त्यातलं माझं असं काहीच नव्हतं. बोलायचे दुसरेच आणि शिव्या खायचो मी. आज पहिल्यांदाच स्वतःचं काही सांगतोय, तेव्हा कानांवरचे हात जरा काढा.

माझा जन्म कोइमतूरच्या एका कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमचा पत्रा दाबून दाबून त्यांनी माझं तोंड रुंद केलं. माणसाला त्यासाठी निवडून यावं लागतं, माझं जन्मतःच होतं. तिथून मी केरळात इलंजिकुळमला आलो, एका मांडववाल्याकडे. लग्नं झाली, उरूस झाले, देवळाचे आणि चर्चचे उत्सव झाले. एकदा तर एकाच आठवड्यात मी संपाच्या बाजूने आणि संपाच्या विरोधात सारख्याच तळमळीने ओरडलो. दोन्ही पक्ष माझ्यावर खूश होते.

मांडववाल्याने धंदा बंद केला, तेव्हा शशांकनने मला विकत घेतलं आणि आपल्या रिक्षावर बांधलं. शशांकन मोठा सज्जन माणूस. नगरपालिकेच्या दवंडीचं काम त्याला मिळालं आणि मी सरकारी आवाज झालो.

आमची नगरपालिका लोकांना फार मान देणारी. कोणताही निर्णय घेण्याआधी ती लोकांना विचारते. विचारल्याचं लोकांना कळू नये, एवढीच थोडी काळजी घेते. वॉर्डसभेची दवंडी व्हायलाच हवी असा नियम आहे. रिक्षा किती वेगाने जावी याचा नियम नाही. त्यामुळे पहिल्या घराला 'सन्मान्य' ऐकू यायचं, दुसऱ्याला 'नागरिकहो', तिसऱ्याला 'रविवारी', आणि सभेचा विषय बहुधा नारळाच्या झाडांना.

तरी सभा भरायची. गोविंदन आणि त्याच्यासारखी मुरलेली मंडळी नेमाने यायची, कारण चहाबरोबर पळंपोरी असायची. पळंपोरी म्हणजे पिकल्या केळ्यांची जाडजूड भजी. आमचे नगरसेवक गंगाधर पणिक्कर विषय वाचायचे, 'मंजूर?' म्हणायचे, की हात वर. वर गेलेला हात खाली येताना थेट ताटलीत जायचा. अशा रीतीने गावाचा कारभार लोकांच्या मर्जीने चालला होता.

आता तळ्याचं सांगतो. गावाच्या मधोमध मोठं तळं आहे आणि रस्त्याच्या वळणावरच बायकांचा घाट. सकाळ-संध्याकाळ वॉर्डातल्या निम्म्या बायका तिथे आंघोळीला, कपडे धुवायला आणि गावाची उणीदुणी काढायला जमतात. पुरुषांची तिथली वागणूक अगदी वाखाणण्यासारखी. वळण आलं की सायकलवाला मान फिरवणार, पोस्टमन पायांकडे पाहत चालणार. शशांकन तर माझं बटण बंद करायचा, समोरच्या फणसावर नजर लावायचा आणि मुकाट्याने पुढे जायचा. पार वखारीपाशी गेल्यावर मला पुन्हा कंठ फुटायचा. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

शेळ्या-कोंबड्या वाटायच्या असल्या की बचतगटाकडून बायकांना घरोघर निरोप जायचा. एरवी मी पुरेसा आहे असं धरलेलं होतं.

त्याच घाटावर कार्त्यायनी अम्मा पोरींना पोहायला शिकवायच्या. दोन सुके नारळ काथ्याने बांधायचे, काखांखाली द्यायचे आणि पोरीला पाण्यात लोटायचं. पोरगी किंचाळायची, अम्मा हसायच्या, आणि महिन्याभरात पोरगी पैलतीराला. आमच्याकडे दाराशी पाणी, शाळेच्या वाटेवर पाणी. पोहता न येणारी पोर घराबाहेर पडली की आईचा जीव टांगणीला. म्हणून आया आपल्या मुली अम्मांच्या हवाली करून निर्धास्त होत्या.

पणिक्कर कुठेतरी अभ्यासदौऱ्यावर गेले आणि तिथे त्यांनी हंसाच्या आकाराच्या, पायाने चालवायच्या होड्या पाहिल्या. परत आले ते हंस डोक्यात घेऊनच. तळ्याला कठडा, रंगीत दिवे, तिकिटाची खिडकी आणि बायकांचा घाट बंद, असा प्रस्ताव तयार झाला. 'तळ्याचं सुशोभीकरण' म्हणून मी तो गावभर ओरडलो. तळ्याकाठी अर्थातच गप्प बसलो.

त्या संध्याकाळी रिक्षा अंगणात होती. ओसरीवर शशांकन कप्पा आणि माशाचं कालवण खात होता. कप्पा म्हणजे उकडलेला साबूकंद, त्यापुढे त्याला जगाची शुद्ध नसते. खाता खाता तो बायकोला म्हणाला, "रविवारी सभा आहे. तळ्यात हंसाच्या होड्या येणार म्हणे."

"कुठल्या तळ्यात?" ओमनाने विचारलं.

"आपल्याच."

"मग आम्ही आंघोळीला कुठे जायचं?"

"घाट बंद. होडीतल्या पाहुण्यांसमोर ते बरं दिसत नाही ना."

"आणि अम्मांनी पोरींना कुठे शिकवायचं? तुमच्या कालवणात? बायकांना सांगितलंत का हे?"

"अख्ख्या गावाला सांगितलं. घसा बसला माझा."

"घाटावर सांगितलंत?"

"तिथे कसं ओरडणार? तिथे बायका असतात!"

ओमनाने डाव खाली ठेवला. "म्हणजे बायकांची गोष्ट बायकांना सांगायची नाही, कारण तिथे बायका असतात?"

शशांकनने तोंडात घास कोंबला. उत्तर द्यायला अडचण व्हावी एवढा मोठा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओमना मायक्रोफोन घेऊन मागच्या सीटवर बसली. वळणावर तिने रिक्षा थांबवायला लावली. शशांकनने नजरेने फणस गाठला आणि तो पुटपुटला, "निदान 'सन्मान्य' तरी म्हण गं!"

"अगं ए बायांनो!" ओमना माझ्यातून कडाडली. "डोकी बाहेर काढा आणि ऐका! तुमचा घाट बंद करतायत! इथे हंस सोडणार आहेत, प्लॅस्टिकचे! रविवारी शाळेत सभा आहे, सगळ्यांनी यायचं!"

"ओमने, जरा हळू!" घाटावरून कार्त्यायनी अम्मांचा आवाज आला. "मी म्हातारी झालेय, बहिरी नाही! आणि तुझ्या नवऱ्याला सांग, फणस पिकला की मला कळव म्हणावं!"

घाटावर जो हशा पिकला तो माझ्या मदतीशिवायच वखारीपर्यंत ऐकू गेला असेल.

रविवारी मला शाळेच्या खिडकीला टांगलं होतं, त्यामुळे सगळं नीट दिसत होतं. ओल्या केसांच्या बायकांनी वर्ग भरला, मग व्हरांडा भरला, मग पायऱ्या. पळंपोरी सभा सुरू व्हायच्या आधीच संपली. गोविंदनचा चेहरा पाहवत नव्हता.

पणिक्करांनी विकासावर भाषण केलं आणि सवयीने म्हणाले, "मंजूर?" गोविंदनचा हातही सवयीनेच वर गेला.

"गोविंदा, हात खाली घे," अम्मा म्हणाल्या. "ताटली रिकामी आहे."

हात खाली आला.

"मेंबर, तुम्हाला पोहता येतं का?" अम्मांनी विचारलं.

"अम्मा, तो आजचा विषय नाही."

"होडी उलटली की तोच विषय होईल."

"जॅकेट देणार आहोत ना सगळ्यांना."

"होडीत देणार. आमच्या पोरी पावसाळ्यात ओढा ओलांडून शाळेला येतात, त्यांचा पाय घसरला तर? तुमचा हंस येणार आहे का आणायला?"

पणिक्करांनी पाण्याचा ग्लास उचलला. "अम्मा, तुमचं वय झालं आता. किती दिवस शिकवणार आहात तुम्ही?"

अम्मा सावकाश उठून माईकपाशी गेल्या. आवाज चढवला नाही, पण माझ्यातून तो चौकापर्यंत गेला.

"मी किती दिवस, ते देवाला विचारा. मी ज्यांना शिकवलं त्या इथे बसल्यात. माझ्यामागे त्या शिकवतील. पण त्यांना पाणी तर ठेवा!"

मग घाट राहावा असं वाटणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. एवढे हात मी एका छपराखाली कधी पाहिले नव्हते. गोविंदननेही केला, आणि या वेळी तो खाली यायला बराच वेळ लागला. पणिक्करांच्या सौभाग्यवती दुसऱ्या रांगेत होत्या. त्यांचा हात कुठे होता, हे पणिक्करांनी पाहिलं नाही. ते फणस शोधत असावेत.

घाट राहिला. निर्णयाआधीच मागवलेला एक हंस मात्र येऊन पोहोचला होता. तो नगरपालिकेच्या आवारात उभा असतो आणि कर्मचारी त्यात दुपारी डबा खातात. शशांकनला पुन्हा दवंडीचं काम मिळालं नाही. आता निरोप मोबाईलवर येतात, देवांच्या चित्रांच्या आणि शुभ सकाळींच्या मध्ये कुठेतरी. पण घाटावर आल्या आल्या ओमना ते मोठ्याने वाचून दाखवते, आणि वॉर्डसभेला पळंपोरी पुरत नाही ती नाहीच.

माझ्यातलं यंत्र काढून टाकलं आहे. उरलं नुसतं तोंड. ते ओमनाने अम्मांना दिलं. अम्मा पायरीवर बसतात, मला ओठांशी धरतात आणि पाण्यातल्या पोरींवर ओरडतात, "पाय मार गं, पाय!" नोकरीतल्या सगळ्या वर्षांत मी एवढं कामाचं बोललो नव्हतो.

तुमच्याकडेही माझा एखादा भाऊबंद भरधाव जात असेल. नुसत्या कपाळाला आठ्या घालू नका. आडवे जा, थांबवा त्याला आणि विचारा, "काय म्हणालास? पुन्हा सांग." तो रागावणार नाही, बिचाऱ्याला आजवर असं कुणी विचारलेलंच नसतं.

बरं, येतो. अम्मांनी मला उचललं आहे. एक पोरगी पहिल्यांदाच खोल पाण्याकडे निघाली आहे.