मेडिकलच्या काउंटरवरची कात्री

मी कात्री बोलतेय. जात शिंप्याची, पण मधली काही वर्षं काढली औषधांच्या दुकानात. हसू नका. नशीब कुणाला कुठं नेऊन बसवेल, सांगता येत नाही.

माझा जन्म मेरठचा, संसार मात्र पनवेलजवळच्या करंजाड्यात. तिथले शिंपी गोरख मास्तर यांनी माझ्या मुठीला मऊ चिंधी गुंडाळली आणि लेकीसारखं जपलं. कापड कापण्याआधी ते दोनदा माप घेत. "एकदा कापलं की कापलं," असं म्हणत आणि मगच मला उचलत.

त्यांचा मुलगा प्रितेश औषधांचं शिकला आणि त्यानं मेडिकल टाकलं. उद्घाटनाची फीत कापायला मास्तरांनी मोठ्या हौसेनं मलाच नेलं. फीत कापली आणि मी तिथंच काउंटरवर राहिले ती राहिलेच.

मग सुरू झालं गोळ्यांची पाकिटं कापणं. साडी कुणी दोन हात मागत नाही, पण औषध मात्र सगळ्यांना दोन गोळ्यांपुरतंच हवं! "घसा धरलाय, मागची लाल-पिवळी दे." "नुसती सर्दी आहे, पण एखादी अँटिबायोटिक दे की." डॉक्टरांची चिठ्ठी कुणाकडेच नसायची. माझ्या एका घावासरशी कधी औषधाचं नाव तुटायचं, कधी मुदतीची तारीख.

त्यातल्याच आमच्या शेजारच्या हौसाकाकू. यांनी प्रितेशला लहानपणी न्हाऊमाखू घातलेलं. त्यांचे यजमान काशिरामकाका, जन्म मिठागरात गेलेला, त्यामुळं अनवाणी चालायची खोड. त्यांच्या तळव्यात खिळा घुसला. त्यात अंगात साखर. पण काकांना घोर वेगळाच होता. नात कोमलचं लग्न ठरलं होतं आणि तिच्या हळदीला त्यांना नाचायचं होतं.

"काकू, काकांना डॉक्टरकडे न्या," प्रितेश म्हणाला.

"नेऊ रं. आज दोनच दे. अख्खं पाकीट घेऊन उरलेल्यांचं काय लोनचं घालू?"

प्रितेशला हसू आलं. नाही म्हणणं काही त्याला जमलं नाही. त्यानं मला उचललं.

घरचा उपचार काकूच कौतुकानं सांगायच्या. एक कॅप्सूल पोटात आणि दुसरी फोडून तिची भुकटी जखमेवर! ठणका थांबला की औषध बंद, वाढला की काकू पुन्हा काउंटरवर हजर. नवऱ्यावर इतकी माया की उपचारातसुद्धा काटकसर त्यांच्या परीनं प्रेमानंच चाललेली.

एका सकाळी काकू आल्या त्या काही न मागता उभ्या राहिल्या. काकांना इस्पितळात ठेवलं होतं.

"प्रितेश, पाय कापायला लागंल म्हनतात रं."

कापणं हा तर माझा धंदा. पण तो शब्द ऐकून माझी पाती गार पडली.

डॉक्टरांनी जखमेतला पू तपासला होता. अर्धवट औषधानं जंतू मेले नव्हते, उलट सरावले होते. नेहमीची औषधं त्यांना आता लागूच पडत नव्हती.

"काकू, मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं," प्रितेश खाली बघत म्हणाला.

"तू लेकरू. मागत तर मीच व्हते," काकूंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग दोघंही रडली.

शेवटी एक जालीम इंजेक्शन लागू पडलं. एक बोट गेलं, पण पाय वाचला. देव पावला म्हणायचा!

त्यानंतर काकू खोकत खोकत दुकानात आल्या. सवयीनं त्यांचं बोट लाल-पिवळ्या पाकिटाकडे गेलं आणि तिथंच थबकलं. "नको. आदी डॉक्टरला दाखवते," म्हणून त्या वळल्या. त्याच दुपारी प्रितेशनं मला फडक्यात गुंडाळून मास्तरांच्या मशीनवर नेऊन ठेवलं.

बाबांनो, तुमच्या मेडिकलात माझी एखादी बहीण असेल. दोन गोळ्यांसाठी दुकानदाराला तिला उचलायला लावू नका. डॉक्टर देतील तेच औषध घ्या आणि सांगतील तिथपर्यंत घ्या. उसवलेलं कापड मास्तर शिवतील, पायाचं तसं नाही.

काल काशिरामकाका काठी टेकत मास्तरांकडे आले होते.

"मास्तर, डाव्या पायाला प्यांट ढगळ ठेवा. आतून पट्टी बसली पायजे. कोमलच्या हळदीला नाचायचं हाय."

मास्तरांनी दोन्ही पायांचं माप घेतलं. मग पुन्हा एकदा घेतलं. आणि मला उचललं.