खुनी म्हणून बाबा चालत नाहीत

भिंगरीने बाबांना खुनी करायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद झाला तो खुद्द बाबांना. बाबांचं चष्म्याचं दुकान. माणूस इतका मवाळ, की गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवतानाही आधी "ठेवू का?" म्हणून विचारणार. पण लेकीने "बाबा, आमच्या ट्रेलरमध्ये खुनी व्हाल का?" असं म्हटल्यावर त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं, आजूबाजूला पाहिलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "किती जणांचा खून करायचाय?"

भिंगरी कॉलेजात सिनेमा शिकत होती. एका जागी ठरत नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत, आणि कॉलेजातही तेच नाव चिकटलं होतं. तिच्या वर्गाला काम दिलं होतं असं : जो सिनेमा मुळात नाहीच, त्याचा थरारक ट्रेलर करायचा. सोबत एक पोस्टर आणि एका मासिकाचं मुखपृष्ठ. मग आधी सगळ्या वर्गापुढे चाचणीचा खेळ, लोक काय म्हणतात ते ऐकायचं, दोन दिवसांत दुरुस्त्या करायच्या आणि शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे उभं राहून आपल्याच कामाचं माप काढायचं. काय जमलं, काय फसलं, का फसलं. ज्या गटाचं काम सरस, त्याचा ट्रेलर खऱ्याखुऱ्या थिएटरात, मोठ्या पडद्यावर.

हे शेवटचं वाक्य बाबांनी ऐकलं आणि ते कामातूनच गेले. मोठा पडदा! येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले. "दूरचं दिसतं ना आता नीट? मग थिएटरात या, मी दिसेन."

भिंगरीच्या गटात दोघंच. एक ती, आणि दुसरा लंबू. लंबू शेजारच्याच घरातला, दुडदुडत चालायचा तेव्हापासून भिंगरीच्या स्वयंपाकघरात डबे उघडून खाणारा. कॅमेरा त्याचा, संकलनाची कापाकापीही त्याचीच. सिनेमाचं नाव ठेवलं 'दार लावून घे'. एका इमारतीतली माणसं एकेक करून नाहीशी होतात आणि खाली राहणारा अतिसज्जन शेजारी प्रत्येकाच्या घरी सांत्वनाला जातो, अशी गोष्ट. तो शेजारी म्हणजे बाबा.

खिडक्यांना गोधड्या लावून भर दुपारी घरात मिट्ट काळोख केला. बाबांनी हातात टॉर्च घेऊन बोळकांडीतून चालत यायचं होतं, बस, एवढंच. पण एवढ्यातही त्यांनी लंबूला घाम फोडला. एकदा चपलांच्या मांडणीला अंगठा आपटला. एकदा टॉर्च स्वतःच्याच डोळ्यांत मारला. एकदा मध्येच थांबून "बरं चाललंय ना रे?" असं कॅमेऱ्यालाच विचारलं. शेवटी एकदाचं जमलं आणि तेच ट्रेलरमध्ये घेतलं. पोस्टरवर बाबांचा अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात आणि खाली 'याच्या हसण्यावर जाऊ नका'. मासिकाच्या मुखपृष्ठावरही बाबाच, हाताची घडी घालून, 'या वर्षातला सर्वांत धोकादायक चेहरा'.

पोस्टरची एक प्रत बाबांनी हौसेने दुकानात लावली. दोन दिवसांत चार जणांनी विचारलं, "ही फ्रेम आलीय का?" भिंगरीला तेव्हाच जरा शंका आली होती. पण बाबा खूश होते, म्हणून तिने पोस्टर तसंच राहू दिलं.

चाचणीच्या दिवशी बाबा दुकान बंद करून कॉलेजात हजर. कडक इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. मागच्या बाकावर जाऊन बसले. आई नव्हती. आई इस्पितळात मुलांच्या वॉर्डाची मोठी सिस्टर. तिची दिवसपाळी होती.

दिवे गेले. ट्रेलर सुरू झाला. पहिल्याच दृश्यात बाबा दार ठोठावून हसतात, तिथे पोरं खुदकन हसली. बाबा सुरीला धार लावतात, तिथे कुणीतरी म्हणालं, "अगं, बोट कापेल त्यांचं!" भिंगरीचे कान तापले. मागे वळून बघायची छातीच होईना. मग बोळकांडी आली. बाबा टॉर्च घेऊन चालत येताहेत आणि एकदम सगळा वर्ग किंचाळला. खोटं नाही, खरोखर किंचाळला. एका मुलीने शेजारणीचा दंड धरला तो सोडेचना.

"जमलं की!" लंबू पुटपुटला.

दिवे आले. शिकवणाऱ्या मॅडमनी खडू हातात घेतला. "बोला. भीती कुणाची वाटली?"

"बाईची!" सगळे एका सुरात.

"कुठल्या बाईची?" भिंगरीने विचारलं. मनापासून विचारलं हो, तिला खरंच कळेना. त्यांच्या ट्रेलरमध्ये बाई नव्हतीच.

"दारातली! काकांच्या मागे!"

लंबूने ट्रेलर मागे नेला, थांबवला. बाबा पुढे चालताहेत, आणि त्यांच्या पाठीमागे खोलीचं दार बोटभर उघडलेलं. फटीत एक चेहरा. केस विस्कटलेले, डोळे स्थिर, पापणी लवत नाही.

आई.

रात्रपाळी करून आलेली, आतल्या खोलीत झोपलेली. धडपड ऐकून उठली असणार, बघितलं असणार, आणि दार लावून पुन्हा आडवी झाली असणार. लंबूने आणि भिंगरीने ते दृश्य उलटून-पालटून इतक्यांदा पाहिलं होतं, आवाज लावला, रंग गडद केले, आणि दोघांनाही दारात काही वावगं दिसलं नाही. दिसणार कसं? ती नजर भिंगरी पाळण्यात होती तेव्हापासून पाहत आली होती, आणि लंबू डबे उघडायला लागल्यापासून. घड्याळ बघावं तशी रोजची. परक्यांनी पाहिली, आणि परक्यांची बोबडी वळली.

"आणि ते काका?" मॅडमनी विचारलं.

"गोड आहेत!" पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. "त्यांचं काही वाईट होऊ नये असं वाटतं."

मॅडमनी खडू ठेवला. "भिंगरी, उत्तर तुझ्यापुढे आहे. पोस्टर बघून लोकांना चष्मा घ्यावासा वाटतोय. थरारपट करायचा असेल, तर बाई आत आणि काका बाहेर. दोन दिवस आहेत."

घरी परतताना बाबा भाज्यांपासून राजकारणापर्यंत सगळ्यावर बोलले, फक्त ट्रेलरवर नाही. कोपऱ्यावर आल्यावर हळूच म्हणाले, "अजून जरा रागाने बघितलं तर? भुवया अशा केल्या तर?" आणि त्यांनी भुवया अशा केल्या, की समोरून येणाऱ्या आजोबांनी "दाढ दुखतेय का?" म्हणून आपुलकीने चौकशी केली.

भिंगरीला रडूच फुटायचं बाकी राहिलं. दुसऱ्या कुणाला काढायचं असतं तर तिने एका वाक्यात काढलं असतं. पण हा माणूस उभ्या जन्मात कधी स्वतःसाठी काही मागत नाही, आणि आता नुसत्या भुवया वाकड्या करून मागतोय. ट्रेलर गेला खड्ड्यात, असंही तिला वाटून गेलं. लंबूने तिला दारातच गाठलं. "खोटं माप काढणारेस का परवा सगळ्यांपुढे? बाबांना बघून भीती वाटते म्हणणारेस?" मेल्याचं खरं होतं, म्हणून जास्त राग आला.

संध्याकाळी ती दुकानात गेली. बाबा आरशापुढे उभे. दात-ओठ खाणं चालू होतं.

"बाबा, थांबा. तुम्ही घाबरवत नाही."

"सवयीने जमेल."

"नाही जमायचं. तुम्ही कुणालाच घाबरवत नाही. तुम्हाला काढावं लागणारे."

बाबांचे दात-ओठ जागच्या जागी आले. ते स्टुलावर बसले. बराच वेळ एकच काच पुसत राहिले. मग म्हणाले, "कुणालाच नाही? तुला लहानपणी अभ्यासावरून ओरडायचो, तेव्हाही नाही?"

"तेव्हा मी उशीत तोंड घालून हसायचे."

"अस्सं." त्यांनी काच उजेडात धरली. "बरं केलंस सांगितलंस. आता तुझ्या आईला कोण सांगणार?"

हे मात्र भिंगरीला आणि लंबूला सुचलंच नव्हतं. वॉर्डातले मोठे मोठे डॉक्टर जिच्यापुढे चपला सरळ करून ठेवतात, तिला जाऊन सांगायचं, की तू आमची खुनी!

सांगितलं बाबांनीच. आईचं जेवण होऊ दिलं, मग लंबूचा लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला आणि स्वतः जरा लांब बसले. आईने पाहिलं. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा पाहिलं.

"मी अशी बघते?"

"रोज नाही," बाबा म्हणाले.

"आणि तुम्हाला दोघांना हे दिसलंच नाही?"

"अगं, आम्हाला तू नेहमीसारखीच दिसलीस," भिंगरी बोलून गेली, आणि बोलल्यावर तिची तिलाच जीभ चावावीशी वाटली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. वॉर्डात दंगा करणारी पोरं, औषध थुंकणारी पोरं, रडणारे आईबाप, सगळ्यांना एका नजरेत गप्प करायचं असतं. ती नजर कपड्यांबरोबर तिथेच बदलून यावी असं तिला वाटायचं, आणि ती घरभर हिंडत होती.

"अगं वेडे," बाबा तिच्याजवळ सरकले, "त्या नजरेमुळे हे घर चाललंय. मी एकटा असतो तर या पोरीने मला विकून खाल्लं असतं."

आई नाक पुसत हसली. "काय करायचं असतं मला? नुसतं बघायचं ना?"

नुसतं बघायचं! दुसऱ्या दिवशी पुन्हा गोधड्या लागल्या, आणि बाई काही केल्या बघेना. हसूच आवरेना. लंबूने "हं, काकू" म्हटलं की फिस्स. खुनी आई, म्हणून आता बाबा बळी झाले होते, बोळकांडीतून त्यांनी मागे वळून तिच्याकडे पाहायचं होतं, तर तेही हसत. लंबूने कपाळाला हात लावला. सहाव्या खेपेला बाबा काही न बोलता आत गेले, आणि चिखलाचे बूट घालून आईच्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून खुशाल चालत आले.

दारात नजर उमटली. बाबांनी वळून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला तो अभिनय नव्हता. "मिळालं!" म्हणून लंबू ओरडला, आणि मग सगळ्यांनी मिळून फरशी पुसली.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक बाई समोर बसल्या होत्या. डोक्यावर चष्मा, चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. नव्या पोस्टरवर फक्त दाराची फट आणि एक डोळा. मुखपृष्ठावर आई, पांढऱ्या कपड्यांत. ट्रेलर सुरू झाला, दार उघडलं आणि परीक्षक बाईंच्या हातातलं पेन टेबलाखाली गेलं. आई मागे बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेत होती; एवढं लाजलेलं भिंगरीने तिला कधी पाहिलं नव्हतं.

"छान," परीक्षक बाई पेन शोधत म्हणाल्या. मग त्यांनी जुनं पोस्टर पुढे ओढलं. "आता माप काढा. आधी खुनी हे गृहस्थ होते. का काढलं?"

भिंगरीने उत्तर पाठ केलं होतं. प्रेक्षकवर्ग, प्रकाशयोजना, चेहऱ्याची ठेवण. तिने तोंड उघडलं आणि त्यातलं एक अक्षर आठवेना. बाबा शेवटच्या बाकावर त्याच इस्त्रीच्या शर्टात सावरून बसले होते. आपण का नापास झालो, हे भर सभेत ऐकायला मुद्दाम आलेले.

"ते माझे बाबा आहेत," ती म्हणाली. "आम्ही अंधार केला, सुरी दिली, खालून दिवा मारला. सगळं करून पाहिलं. पण त्यांची भीती कुणाला वाटतच नाही. मलाही नाही वाटत. इतकी वर्षं त्यांच्या घरात राहते मी, मला एकदासुद्धा त्यांची भीती वाटलेली नाही. घरी येताना कधी वाटली नाही, चुकल्यावर वाटली नाही, नापास झाले होते तेव्हासुद्धा नाही. मला वाटायचं सगळ्यांचे बाबा असेच असतात. म्हणून मला ही चूक दिसलीच नाही."

लंबू जमिनीकडे बघत होता. परीक्षक बाईंनी लिहायचं थांबवलं.

"म्हणजे निवड पूर्ण फसली म्हणायची?"

"खुनी म्हणून, हो," भिंगरी म्हणाली. "पूर्ण फसली."

आणि टाळ्या पडल्या. आधी पुढच्या बाकावरून, मग सगळीकडून. बाबांना वाटलं पुढच्या गटाची पाळी आली, म्हणून तेही वाजवायला लागले. सगळ्या माना आपल्याकडे वळल्यात हे त्यांना उशिरा कळलं. मग ते उठले, काय करावं ते न सुचून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि तरीही भरल्या डोळ्यांना काही दिसेना तेव्हा आईने त्यांच्या हाताला धरून त्यांना खाली बसवलं.