मधला माणूस

“आधी बसा, मग बोला,” म्हणत टगवाल्याच्या बायकोने खुर्चीवरचे वाळलेले कपडे उचलले. बाई खुर्चीच्या कडेला टेकल्या. समोर पलंगावर टगवाला बसला होता; टग म्हणजे ओढबोट, ती तो चालवायचा. त्याचा उजवा हात कोपरापाशीच संपत होता.

नौदलाच्या संशोधन केंद्रात बाईंचे काम जोडणीचे. रडार एकाचे, तोफ दुसऱ्याची, संगणक तिसऱ्याचा. ही सगळी यंत्रे एका जिवासारखी वागतील असे पाहणे बाईंकडे. नव्या योजनेत एका नौकेने लक्ष्य पाहायचे आणि दुसरीने तोफ डागायची होती. आजवर मध्ये एक माणूस पडद्याकडे बघून ‘हो’ म्हणत असे, मगच तोफ डागली जाई. त्यात वेळ जातो, म्हणून बाईंनी हट्टाने तो टप्पाच काढायला लावला. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या.

चाचणीच्या दिवशी टग लांब दोराने लक्ष्याचा तराफा ओढत होता. दोन नौकांच्या घड्याळांत किंचित फरक पडला, पहिलीने कळवलेली जागा दुसरीने चुकीची धरली आणि सरावाचा गोळा तराफ्याऐवजी टगच्या केबिनवर येऊन बसला.

चौकशीत रडार बरोबर निघाले, तोफही बरोबर. दोष जोडणीत होता. “मनाला लावून घेऊ नका, कोणा एकाची चूक नाही,” केंद्राचे साहेब म्हणाले. पण जोडणी म्हणजे आपणच, हे बाईंना पुरते कळत होते.

“तोफेवर कोण होतं हो?” टगवाल्याने विचारले. “मला भांडायचं नाही. पण त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला बघतो, येतच नाही.”

“कोणीच नव्हतं, दादा.”

“म्हणजे?”

“आधी एक माणूस असायचा. त्यानं टग ओळखला असता. त्याला मीच काढलं. थोडा वेळ वाचावा म्हणून.”

बायकोने हातातला कप सावकाश खाली ठेवला.

“आता त्याला परत बसवणार?” टगवाल्याने विचारले.

“साहेब म्हणतात, घड्याळं जुळवली की पुरे. त्यावर मी सही करणार नाही म्हणून सांगितलंय.”

“मग तुम्हालाच काढतील.”

“काढू देत.”

तो बोट नाचवत म्हणाला, “हे बघा, माफी तेवढी मागू नका. ‘असू दे’ असं म्हणवणार नाही माझ्याच्यानं.”

“नाही मागत.”

बाई उठल्या. तोही उठला. “थांबा, कोपऱ्यापर्यंत येतो. गल्लीतलं कुत्रं अनोळखी माणसाच्या अंगावर जातं.”

त्याने खुंटीवरचा शर्ट घेतला आणि डाव्या हाताने बटणे लावू लागला. बाईंचा हात नकळत पुढे झाला. बायकोने मानेनेच ‘नको’ म्हटले. बाई हात मागे बांधून दारात उभ्या राहिल्या. वरचे बटण निसटले, पुन्हा निसटले, मग लागले. त्याने कॉलर सारखी केली आणि पलंगाखाली पायाने चपला चाचपू लागला.