पिठाच्या गिरणीचा डबा

खेळण्यातली गाडी नुसती गोल फिरवली, तर चौथ्या फेरीला कंटाळा येतो. म्हणून नातीसाठी रुळांचा आराखडा काढताना मी गोल काढलाच नाही. जुन्या दाराच्या फळीवर एका टोकाला यार्ड, दुसऱ्या टोकाला स्टेशन आणि वाटेत पिठाच्या गिरणीपाशी संपणारा फाटा. हा फाटा मुद्दाम अडचणीचा केला होता. यार्डातून डबे ओढत येणारं इंजिन पुढे असतं, त्यामुळे तेच आधी फाट्यात शिरून डब्यामागे कोंडलं जातं. मग स्टेशनपर्यंत जायचं, डबे सोडायचे, शेजारच्या रुळावरून इंजिन दुसऱ्या टोकाला आणून जोडायचं, मागे यायचं आणि तेव्हा कुठे गिरणीचा डबा आत ढकलायचा. मला स्वतःला वीस मिनिटं लागली. गंमत त्यातच होती.

नियम एकच. जोड सोडायला काडी वापरायची, डब्याला हात लावायचा नाही.

दर रविवारी येणाऱ्या टिटवीला (नातीच्या अखंड बडबडीमुळे मीच ठेवलेलं नाव) पहिल्यांदा अर्धा तास लागला. तिसऱ्या रविवारी मी चहा घ्यायला आत गेलो, तो कप भरायच्या आत हाक आली, "झालं!"

डबा गिरणीत. बाकीची गाडी स्टेशनात. घड्याळात सहा मिनिटं.

"इतक्यात?" मी विचारलं.

"सोप्पं आहे हो, आजोबा."

सोपं नव्हतं. ते कोडं मीच घातलं होतं ना! मनात पाल चुकचुकली.

त्यात पुढच्या रविवारी माझी लेक तिला सोडायला आली आणि दारातच थांबली. "बाबा, शाळेतून चिठ्ठी आलीये. गणितांची उत्तरं बरोबर, पण मधल्या पायऱ्याच नाहीत. बाईंचं म्हणणं, ही बघून लिहिते. उद्या भेटायला बोलावलंय. तिच्या बाजूनं भांडू, की माफी मागायला लावू? तुमच्याकडे तरी सरळ खेळते ना?"

"म्हणजे काय!" मी जरा जास्तच जोरात म्हणालो. "संध्याकाळी सांगतो."

मग मला शोभणार नाही असं काम मी केलं. टिटवी हात धूत होती, तेवढ्यात डब्यांच्या टपांवर टाल्कम पावडरचा पातळ थर फुंकला. बोट लागलं की ठसा उमटणार. आणि चहाच्या नावाखाली आत गेलो.

सात मिनिटांनी हाक आली. बाकीच्या डब्यांवर पावडर जशीच्या तशी. गिरणीच्या डब्याचं टप मात्र लख्ख.

"याला हात लावलास?"

"हो."

"कशाला?"

"पीठ सांडलं होतं त्यावर. पुसलं. पण आत गेल्यावर पुसलं हं, ढकलताना नाही." मग तिचे डोळे बारीक झाले. "आजोबा, खरं पीठ कुठून आलं?"

"पुन्हा कर," मी म्हणालो. "माझ्यासमोर."

तिनं यार्डातच डबे लावून घेतले. गिरणीचा डबा इंजिनाच्या पुढे, बाकीचे मागे. इंजिन मधोमध. निघाली, पुढचा डबा सरळ फाट्यात ढकलला, काडीनं सोडला, फाट्याबाहेर मागे आली, मग सरळ स्टेशनकडे गेली. वळसा नाही, काही नाही. वीस वेळा आराखडा खोडून काढणाऱ्या मला हे सुचलं नव्हतं.

"पावडर होती ती," मी म्हणालो. "तू डबा उचलतेस का, ते बघायला मीच टाकली. चुकलो मी."

टिटवीनं काडी फळीवर ठेवली.

"विचारायचं ना मला," ती म्हणाली.

संध्याकाळी लेक आली तेव्हा मी दारातच सांगितलं, "भांड. आणि बाईंना सांग, एक गणित तिला समोर बसवून सोडवायला द्या. नंतर कसं केलं ते विचारा. अगदी याच क्रमानं, आरोप करण्याआधी."

आत टिटवीनं फळीवरचे रूळ उचकटून फाटा दुसरीकडेच नेला होता. तिचा नवा आराखडा, आता पाळी माझी. मी खुर्ची ओढली. चहा प्यायला ती आत जाईल असं वाटलं होतं. गेली नाही. फळीच्या कडेला हनुवटी टेकवून ती माझ्या बोटांकडे एकटक बघत राहिली.

"डावा हात मागे, आजोबा."

मी हात पाठीमागे घेतला आणि गाडी सुरू केली.