आज कुणाचं बोट?

साखर तपासायचं नवं यंत्र घडत होतं, तेव्हा प्रयोगशाळेत रोज सकाळी हाक उठायची, "आज कुणाचं बोट?" कुणीतरी हसत बोट पुढे करायचं, टोचून घ्यायचं आणि बदल्यात चहा उकळायचं. घरून पोटभर खाऊन आलेली धडधाकट माणसं ती! यंत्राचा आकडा दर वेळी बरोबर यायचा आणि ते घडवणाऱ्या इंजिनिअरबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

स्वस्त पट्टी, रक्ताचा एक थेंब, तळहातावर मावणारं यंत्र. गोरगरिबांच्या दवाखान्यात ते रुजू व्हायला आता फक्त तिथल्या डॉक्टरबाईंची सही हवी होती.

त्या सहीसाठी इंजिनिअरबाई यंत्र घेऊन दवाखान्यात आल्या, त्याच सकाळी तिथे शिवणकाम करणारी एक बाई आली. मधुमेहाचं इंजेक्शन रोज घेणारी. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. नेहमीच्या तपासणीसाठी तिचं रक्त काढून झालं होतं. इंजिनिअरबाईंनी एक थेंब आपल्या पट्टीवर घेतला. आकडा अगदी ठीक आला.

"साखर छान आहे हो. जा खुशाल घरी," त्या म्हणाल्या.

बाई उठली आणि दारातच कोसळली!

डॉक्टरबाईंनी यंत्राकडे ढुंकूनही न बघता तिला शिरेतून साखर दिली. तिनं डोळे उघडले तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मागोमाग आधी काढलेल्या त्याच रक्ताचा अहवाल आला. साखर भलतीच खाली गेलेली होती.

"पट्टी खराब निघाली असेल," इंजिनिअरबाई चाचरत म्हणाल्या. त्याच रक्तावर त्यांनी दुसरी पट्टी लावली. पुन्हा तोच खोटा आकडा.

डॉक्टरबाईंनी त्या बाईची खालची पापणी हलकेच ओढली. आत लाली नावालाही नव्हती.

"अंगात रक्त कमी आहे हिच्या, पातळ झालंय ते. असं रक्त तुझ्या यंत्रानं कधी बघितलंय का, पोरी?"

इंजिनिअरबाईंना ती सगळी हसरी बोटं आठवली. त्यात असं एकही नव्हतं. पातळ रक्तात आपली पट्टी साखर वाढवून सांगते, हे त्यांना कळणार तरी कुठून?

तेवढ्यात प्रयोगशाळेच्या संचालकांचा फोन आला. सगळं ऐकून ते म्हणाले, "खोक्यावर बारीक अक्षरात छापून टाकू, अशक्त रुग्णांसाठी नाही. मिटलं!"

"मग माझ्याकडे हे आणलंस कुणासाठी?" फोनवरचं ते बोलणं ऐकून डॉक्टरबाईंचा आवाज चढला. "बाहेरच्या बाकावर बघ. निम्म्या बायका घरच्यांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलं खातात. त्यांनाच वगळायचं?"

खाटेवरची बाई क्षीण आवाजात म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असेल. यंत्र कसं चुकेल?"

ते शब्द इंजिनिअरबाईंच्या काळजात रुतले. त्यांचे डोळे भरून आले.

"नाही हो ताई! यंत्र चुकलं. मी चुकले!"

सही न मागताच त्यांनी यंत्र परत नेलं. संचालक संतापले, पण त्या हटल्या नाहीत. बाकावरच्या बायकांना नीट समजावून, त्या राजी झाल्यावरच त्यांचं रक्त तपासणीला घेतलं. रक्त किती पातळ आहे हे आधी मोजून मगच साखर सांगणारी नवी पट्टी तयार झाली. त्यात बरेच महिने गेले.

शिवणकाम करणारी बाई पुन्हा तपासणीला आली, तेव्हाही तिला घाम फुटला होता. या वेळी साखर खाली गेल्याचं सांगत यंत्र कर्कश वाजलं. ती खुर्चीत बसूनच साखरपाणी प्याली आणि थोड्या वेळानं आपल्या पायांनी घरी गेली. मग डॉक्टरबाईंनी सही केली.

वाचकहो, यंत्र असो की नियम, आपण माप आपल्याच अंगाचं घेतो आणि ज्याला ते बसत नाही त्यालाच दुबळा ठरवतो. ज्याच्यासाठी वस्तू करायची, त्याला पहिल्या दिवसापासून सोबत घ्यायला हवं. नाहीतर आपली हुशारी त्याच्याच जिवावर उठते!

प्रयोगशाळेत ती हाक अजूनही उठते. फक्त आता उत्तर शोधायला इंजिनिअरबाई दवाखान्याच्या बाकापाशी जातात.