शेपटीकडून उतरणारं विमान

घरात थंडी सगळ्यांत आधी माशांना वाजते, असं बिजलीचं ठाम मत होतं. म्हणून चंदननगरहून लेकीकडे एडमंटनला निघताना तिनं नवऱ्याला, म्हणजे निरापदबाबूंना, एकच गोष्ट बजावली. "पाणी अठ्ठावीस अंश. सत्तावीसला ते रुसतात, पंचविसाला आजारी पडतात. त्याच्याही खाली गेलं, तर मला फोन करू नका. मी समजून जाईन."

'ते' म्हणजे फिशटँकमधले दोन डिस्कस मासे. लुचीच्या पुरीसारखे गोल आणि तिच्याइतकेच फुगलेले. दिवसभर ते काचेतून निरापदबाबूंकडे असे बघायचे, की जणू यांनीच बिजलीला कुठंतरी लपवून ठेवलंय.

रोज संध्याकाळी बिजलीचा व्हिडिओ कॉल यायचा. तिकडे तेव्हा सकाळ.

"आकडा?"

"अठ्ठावीस."

"जेवण झालं का?"

"हो, आलू-पोस्तो केला होता आणि..."

"अहो, तुमचं नाही, त्यांचं विचारतेय."

एकदा निरापदबाबूंना ताप भरला होता. आज तरी आपली चौकशी व्हावी, म्हणून त्यांनी आकडा सांगितला, "एकशे एक." तिकडे बिजलीनं कपाळावर हात मारला. "अगं बाई! रस्सा झाला असेल त्यांचा!"

ती वीस डिसेंबरला परतणार होती. पण सतरालाच बंगाली पौष लागला, तो थेट संक्रांतीपर्यंत. "पौषात कुणी घर सोडतं का?" ती फोनवर म्हणाली. अडतीस वर्षं पौष लागला की निरापदबाबूच हातात पंचांग घेऊन दारात उभे राहायचे आणि तिला माहेरी जाऊ द्यायचे नाहीत. कृष्णनगर दोन-अडीच तासांवर, तरी नाही. "पण ते तुझं घर कुठंय? ते लेकीचं घर," त्यांनी एक दुबळा प्रयत्न केला. "बाईमाणूस जिथं रांधतं ते घर," बिजली म्हणाली. हे वाक्य त्यांना त्या एडमंटनपेक्षा गार लागलं. तिकडे उणे अठ्ठावीस होतं.

तेव्हापासून त्यांनी मनाशी धरलं होतं, की मासे जगले तर ती येईल. मासे गेले तर इथं तिची वाट बघणारं कोण? ते स्वतः होते म्हणा, पण स्वतःला ते डिस्कसच्या बरोबरीचं धरत नव्हते.

आणि एका बुधवारी सकाळी हीटर गेला.

दुपारपर्यंत पाणी पंचविसावर. निरापदबाबूंनी गरम पाण्याच्या बाटल्या टाकीत सोडल्या, तर आकडा एकतिसावर. बाटल्या काढल्या, तर चोवीस. माशांनी एका दुपारी तीन ऋतू काढले. निरापदबाबूंनी टाकीला शाल गुंडाळली, वर स्वतःची माकडटोपी चढवली. टाकी त्यांच्या थोरल्या भावासारखी दिसायला लागली, पण तापली नाही. तसा हीटर कलकत्त्याच्या शोभेच्या माशांच्या बाजारात मिळायचा, आणि तो बाजार रविवारी.

शेवटी ते हाबुल दत्तकडे गेले. जगद्धात्री पूजेत रस्त्यावर दिव्यांचे हत्ती नाचवणारा गल्लीतला कारागीर.

"नवे दिवे नुसता उजेड पाडतात हो, निरापददा," हाबुल म्हणाला. "ऊब पाहिजे तर जुने तारेचे बल्ब लागतात. एकच चित्र उरलंय त्यातलं. विमान."

"मासे विमानाला घाबरले तर?"

"घाबरू देत की. थंडीनं मरण्यापेक्षा घाबरून जगलेले बरे."

त्या बल्बांची चौकट टाकीमागे उभी राहिली. डावीकडे नारळाचं झाड आणि कौलारू घर, उजवीकडे ढग. कळ दाबली की दिवे ओळीनं पेटायचे, घरापासून विमान उडायचं, ढगात गडप व्हायचं. मग पुन्हा घरापासून. तासाभरात पाणी सव्विसावर आलं, संध्याकाळ व्हायच्या आत अठ्ठावीस. मासे पुन्हा काचेजवळ आपल्या जागी आले. हाबुलनं खुशीत खजुराच्या गुळाची 'संदेश' मिठाई तोंडात टाकली.

निरापदबाबू मात्र विमानाकडे बघत होते. ते गेलं. पुन्हा गेलं. पुन्हा गेलं.

"हाबुल, हे उलटं फिरवता येईल का रे?"

"का? ऊब तेवढीच पडणार."

"उबेचं नाही विचारत."

हाबुलनं चावणं थांबवलं. त्यांच्याकडे एकदा बघितलं, टाकीवरच्या माकडटोपीकडे एकदा. मग त्यानं तारा सोडवल्या आणि अदलाबदल करून पुन्हा जोडल्या. "झालं. पण आधीच सांगतो दादा, विमान वळणार नाही. ते शेपटीकडूनच येणार."

तेवढ्यात फोन वाजला.

"आक... अहो, हे मागं काय पेटलंय?"

"हीटर."

"हीटर? विमान आहे ते!" बिजली स्क्रीनजवळ आली. तिच्यामागे खिडकीत पांढराशुभ्र बर्फ. "आणि उलटं का चाललंय? मागं मागं?" ती हसायला लागली. महिनाभरात ती अशी हसली नव्हती. "अहो, असं कुठं विमान उतरतं का?"

"शेपटीकडून का होईना," निरापदबाबू म्हणाले, "येतंय ना घरी?"

बिजलीचं हसू ओसरलं. विमान ढगातून निघालं, पाठमोरं, धापा टाकत आल्यासारखं, आणि नारळाच्या झाडाशी थांबलं. अंधार. मग पुन्हा ढगातून. दोन्ही मासे काचेला नाक लावून तिच्याकडे बघत होते. मागून लेकीनं काहीतरी विचारलं, तर तिनं नुसता हात हलवून तिला गप्प केलं.

चौथ्यांदा विमान उतरलं तेव्हा तिनं विचारलं, "संक्रांतीला किती दिवस राहिले हो?"

"एकोणीस," निरापदबाबू म्हणाले. पंचांगाकडे त्यांनी बघितलंही नाही.

"तिकीट बघायला सांगते हिला," असं म्हणून ती पाचव्या विमानाची वाट बघत बसली. आकडा विचारायचं त्या दिवशी राहूनच गेलं.