खालच्या तुकडीतली मोकळी जागा

ताटात खरी अंडी आली की समजायचं, आज मोहीम आहे. एरवी इंग्लंडातल्या नॉरफोकच्या त्या चिखलातल्या तळावर भुकटीची अंडी मिळत, पुठ्ठा चावावा तशी. माणसांना जर्मनीवर धाडायचं असलं की मात्र स्वयंपाक्याला कवचातली अंडी सापडायची. मेलं हे कसलं लाड करणं.

डेल्बर्ट प्रुइटला मोहिमेच्या सकाळी घासच उतरत नसे. तो आपलं अंडं ऑरिन टेशच्या ताटात सरकवायचा आणि म्हणायचा, "खा लेका, संध्याकाळी बिअर वसूल करीन." दोघांच्या खाटा शेजारी शेजारी, कामही एकच. बॉम्बरच्या पोटाखाली लटकणाऱ्या काचेच्या गोळ्यात गुडघे छातीशी घेऊन बसायचं आणि मशीनगन चालवायची. विमानं तेवढी वेगळी.

त्या सकाळी नकाशावरचा पडदा सरकला. विमानांची वाट दाखवणारा लाल दोरा पार जर्मनीच्या पोटात गेला होता. सोबतची लढाऊ विमानं अर्ध्या वाटेवरून परतणार, पुढे हे बॉम्बर एकटेच, तेही भर दिवसा. डेल्बर्टचं विमान खालच्या तुकडीत होतं. जर्मन पहिला घास त्याच तुकडीचा घेत. ऑरिनचं विमान राखीव होतं.

राखीव विमानाचा नियम सोपा. बाकीच्यांच्या मागून समुद्रावर अर्ध्यापर्यंत जायचं. कुणाचं इंजिन बिघडून तो माघारी फिरला तर त्याची जागा घ्यायची. कुणीच फिरलं नाही तर गपगुमान घरी यायचं, पण ती मोहीम खात्यात धरत नाहीत. पंचवीस भरल्या की अमेरिकेला परत. ऑरिनच्या वैमानिकाची, लेफ्टनंट लिंडक्विस्टची, आणि विमानातल्या बाकी सगळ्यांची ही पंचविसावी होती. ऑरिन मात्र कान फुटून दवाखान्यात पडला होता, त्याच्या बऱ्याच बाकी होत्या. हे सगळे आज सुटले की उद्या तो एकटा उरणार आणि कुठल्यातरी कोऱ्या पोरांच्या विमानात त्याला कोंबणार.

समुद्रावर गेल्यावर तो गोळ्यात उतरला. लिंडक्विस्टने विमान थोडं वर ठेवलं होतं, त्यामुळे खालची तुकडी एकट्या ऑरिनलाच दिसत होती. रेडिओ बंद, फिरणारा कुणाला सांगून फिरत नाही. डेल्बर्टचं विमान त्याने शेपटीवरच्या आकड्यावरून ओळखलं. त्याच्या डाव्या अंगाचं विमान डुगडुगलं, एक पंखा थांबला, आणि ते वळून मागच्या ढगात शिरलं. दात पडावा तशी तिथे फट राहिली.

विमानातल्या फोनवरून कानात लिंडक्विस्टचा आवाज आला. "ऑरिन, खाली कुणी फिरलं का?"

ऑरिनला तो लाल दोरा आठवला. कोरी पोरं आठवली. डेल्बर्टही आठवला, खोटं कशाला सांगा, पण सगळ्यांच्या शेवटी.

"नाही सर. सगळे आहेत."

"नीट बघ."

"बघितलं सर."

विमान वळलं. कुणीतरी कचकचीत शिवी हासडली, त्यांची पंचविसावी बुडाली होती ना. ऑरिन गोळ्यात बसून त्या फटीकडे बघत राहिला. ती दिसेनाशी झाली तरी बघतच राहिला.

पण भीतीने माणसाची अक्कल अशी काही चरायला जाते की विचारू नका. ढगात शिरलेलं विमान उतरणार कुठे? याच तळावर की. हे उतरले तेव्हा ते विमान आधीच येऊन उभं होतं, थांबलेल्या पंख्यासकट, आणि मेकॅनिक त्यावर चढलेले. ऑरिनचं खोटं उघडं पडलं होतं.

लिंडक्विस्टने ते विमान पाहिलं. मग हातमोजे काढत ऑरिनपाशी आला.

"खाली ढग होता ना?" त्याने हळूच विचारलं.

"हो सर."

"मग वरच्यांना मी तेच सांगेन."

आणि त्याने तसंच सांगितलं. ऑरिनला तेव्हा कळलं की लिंडक्विस्टलाही सुटल्यासारखंच वाटलं होतं. ते कळून बरं वाटायला हवं होतं, पण उलट त्याला जास्तच भीती वाटली.

दुपार कलल्यावर सगळा तळ धावपट्टीच्या कडेला आभाळाकडे माना वर करून उभा राहिला. वरची तुकडी फाटकी-तुटकी का होईना, आली. खालच्या तुकडीतलं एकच विमान आलं, आणि ते डेल्बर्टचं नव्हतं. त्या विमानातला एक गनर खाली उतरून गवतावरच बसला. जर्मन त्या मोकळ्या जागेतूनच आत घुसले, असं तो ज्याला त्याला सांगत होता. तिथे कुणीतरी असायला हवं होतं, म्हणत होता. राखीव विमान कुठे मेलं होतं, असंही त्याने विचारलं.

तिथे आपण असतो तर आपणही मेलो असतो, असं ऑरिन स्वतःला समजावत राहिला. ते खरंही असेल. पण डेल्बर्टच्या खाटेवरची गादी गुंडाळून नेली तेव्हा ते खरं त्याच्या काडीच्याही उपयोगी पडलं नाही.

दुसऱ्या सकाळी पुन्हा खरी अंडी. स्वयंपाक्याने सवयीने ऑरिनच्या ताटात दोन वाढली. त्याला रोज दिसत असणार, डेल्बर्टचं अंडं कुठे जातं ते. ऑरिनने दोन्ही खाल्ली. एकेक घास ढकलत, डोळ्यांतलं पाणी न पुसता, पण खाल्ली.

आणि पुन्हा ते राखीवच. लाल दोरा कालच्याहून लांब. समुद्रावर आज ऊन होतं आणि ढग औषधालाही नव्हता. खालच्या तुकडीत आज बदलीवर आलेली नवी विमानं होती, त्यांतलं कडेचं एक धूर सोडत बाजूला झालं. शेजारच्या विमानाच्या पोटाखालचा गोळा गरकन फिरून त्या मोकळ्या जागेकडे वळला. आत कुणीतरी होतं. ऑरिनला त्याचं नावही ठाऊक नव्हतं.

"ऑरिन, कुणी फिरलं का?"

"एक फिरलं सर. जागा मोकळी आहे."

मग लिंडक्विस्टने अगदी हळू विचारलं, "खाली ढग नाही ना रे?"

विनवणीच होती ती. ऑरिनने डोळे मिटले आणि पुन्हा उघडले.

"नाही सर. सगळं स्पष्ट दिसतंय."

विमानाचं नाक खाली झुकलं आणि ते त्या जागेत जाऊन बसलं. शेजारच्या गोळ्यातल्या पोराने हात हलवला. समोर जर्मनीचा किनारा दिसू लागला होता.